विश्रामचा खारवलेला छकडा

विश्राम कोपरचा, मिठागरातला. आम्ही एकाच आगरात होतो. त्याचे वाफे बांधाच्या या अंगाला, माझे त्या अंगाला. आता तो नाही, आणि मीही फावडं सोडलं आहे. त्याच्या शर्यतींच्या गोष्टी पुष्कळ जण सांगतात. सांगणाऱ्यांतले निम्मे तिथं नव्हते. छकड्याच्या सौद्याला आणि त्यानंतरच्या शर्यतीला मी सोबत होतो, म्हणून तेवढंच लिहितो. प्लेग यायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट.

आधी त्याचं काम सांगतो, कारण माणूस कामावरून कळतो. वाफ्यावर पांढरं दिसायला लागलं की नवखा लगेच फावडं घालतो. ती नुसती साय असते. तिला धक्का लागला की मोडते, मग मीठ नीट बसत नाही आणि उन्हातली मेहनत फुकट जाते. विश्राम बांधावर उकिडवा बसून बघत राही. शेजारचा वाफा भरभर ओढला जात असला तरी हा उठत नसे. उठला की मात्र सलग ओढायचा. त्याच्या ढिगात चिखल सापडायचा नाही.

हाच माणूस शर्यतीचं नाव निघालं की वेगळा व्हायचा. बोलणं भरभर व्हायचं. गावातल्या एका बड्या जमीनवाल्याचा छकडा तो वर्षानुवर्षं हाकत आला होता. माघातल्या जत्रेत शर्यत लागली की जीव विश्रामचा धोक्यात, आणि पुकारा मालकाच्या नावाचा. फेटाही मालकाच्याच डोक्याला. विश्रामला त्याबद्दल राग नव्हता. पण त्यानं दोन गोऱ्हे घरी वाढवले, पोवळ्या आणि खैऱ्या. पहाटे बांधावरून त्यांच्याबरोबर तो स्वतः पळायचा. त्या वर्षी बैल तयार झाले. पुकारा आपल्या नावाचा व्हावा, एवढंच त्याला हवं होतं. त्याला स्वतःचा छकडा पाहिजे होता. नवा करवून घ्यायची ऐपत नव्हती आणि जत्रा आठवड्यावर आली होती.

तेवढ्यात कळलं की कल्याणच्या काळुरामनं लाल छकडा विकायला काढलाय.

काळुराम बंदरावरून मालाच्या गाड्या हाकायचा. त्याचा लाल छकडा आम्ही आदल्या वर्षी पळताना पाहिला होता. पाहिला म्हणजे काय, धूळ दिसली आणि धुळीच्या पुढं काहीतरी लाल दिसलं. विश्रामनं ऐकलं आणि हातातली भाकर खाली ठेवली. त्याची बायको बायजा हिनं आपले हातातले चांदीचे गोठ मोडून आणले. ती म्हणाली, हात मोकळे झाले की काम सोपं होतं. घरात मोडण्यासारखं आणखी काही नव्हतं. हा सौदा फसला तर दुसरा होणार नव्हता, त्या वर्षी नाही आणि पुढंही नाही.

आमच्याकडची रीत सांगायला हवी. जनावराची असो की गाडीची, किंमत रुमालाखाली बोटांनी ठरते. पण गाडीचा सौदा पक्का होतो तो जुवावर, बैलांच्या मानेवरच्या जोखडावर. चार माणसांसमोर गिऱ्हाइकानं जुवाला उजवा हात लावला की गाडी त्याची, किंमत ठरली नसेल तर मालक म्हणेल त्या भावानं. मग तक्रार नाही. विश्रामनं एकदा भिवंडीच्या बाजारात बोलता बोलता एका गाडीच्या जुवावर हात टेकवला होता. ती गाडी त्याच्या दारात उभी होती. तिच्यात कोंबड्या बसायच्या.

म्हणून निघताना बायजानं त्याचा उजवा हात एका फडक्यानं कमरेशी बांधला. गाठ पाठीमागं मारली, त्याचा डावा हात पोचणार नाही अशी.

"अवो, आता कायपण बगा," ती म्हणाली. "डोल्यांनी बगा."

बैलांना पुढं घालून आम्ही तिघं रुळाच्या कडेकडेनं चालत निघालो. विश्राम सारखा पुढं जायचा आणि बैलांसाठी थांबायचा. ठाकुर्लीच्या पुढं तो मला म्हणाला की छकडा विकला गेला असेल. कल्याणचा तलाव दिसला तेव्हा म्हणाला की नक्कीच विकला गेला असेल.

विकला नव्हता. काळुरामच्या अंगणात उन्हात उभा होता, लाल, तेल दिलेला, चाकांवर नवीकोरी लोखंडी धाव चढवलेली. जुवाला घुंगरं होती. वाऱ्यानं ती वाजली आणि माझ्या अंगावर काटा आला. भोवती बंदरावरची माणसं जमली. एकानं विचारलं, हात मोडलाय का.

"मोडला नाय," बायजा म्हणाली. "बांधून ठेवलाय."

लोक हसले. काळुरामही हसला. मोठा देखणा, बोलका माणूस. त्यानं छकड्याची दांडी एका हातानं उचलून दाखवली. बैल म्हातारे झाले म्हणून विकतो, नाहीतर पोटचं पोर कोण विकतं, असं म्हणाला. भिवंडीकडचा आनंदा म्हणून एक गिऱ्हाईक आमच्या मागून आलं होतं. पहिला आलेला मागं सरेपर्यंत दुसऱ्यानं बोलायचं नसतं. पण उभं राहून उसासे टाकायला बंदी नाही. आनंदा सारखे उसासे टाकत होता.

विश्राम छकड्याभोवती फिरला. चाकांचे आरे डाव्या हातानं एकेक हलवून पाहिले. एकही हलला नाही. चाकाच्या तुंब्याजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी ठोकळ्याजवळ, रंग जरा उडाला होता. तिथं त्यानं नाक नेलं. मग जीभ लावली.

त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हा नाचतो.

"खारट हाय," तो म्हणाला.

मीही चाटलं. खरंच खारट. बायजानं बोट फिरवून बोट चाटलं. बंदरावरच्या माणसांना आम्ही येडे वाटलो असणार. पण मिठागरातल्या माणसाला याचा अर्थ कळतो. आमच्या आगराच्या उघाडीला, जिथून भरतीचं पाणी आत घेतात, तिथं ज्या फळ्या होत्या त्या माझ्या आज्यानं बसवल्या होत्या. खारं पाणी पिऊन लाकूड असं होतं की त्याला कीड लागत नाही, ते कुजत नाही. कुणीतरी जाणूनबुजून खारवलेलं लाकूड या छकड्याला घातलं होतं, असंच आम्हाला वाटलं. हा छकडा विश्रामला पुरून नातवंडांना उरला असता. मी म्हटलं, घे. बायजासुद्धा म्हणाली, घ्या. तिनं मागं जाऊन गाठीला हात घातला.

काळुरामनं आमची घाई पाहिली. त्यानं जू उचलून विश्रामच्या पुढ्यात धरलं.

"दादूस, लाव हात. तो बग, भिवंडीवाला टपलाय."

आनंदानं उसासा टाकला.

गाठ अर्धी सुटली होती. विश्रामचा हात सुटून जुवाकडं गेला आणि वीतभर अलीकडं थांबला. किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. तो जुवाकडं बघत नव्हता. अंगणाच्या कोपऱ्यात एक फावडं पडलं होतं, त्याच्याकडं बघत होता. मग त्यानं हात मागं घेतला आणि बायजाला म्हणाला, "परत बांध."

ती बांधू लागली. तो मला हळूच म्हणाला, "आपलं फावडं पयलं कुटं मरतं?"

फावड्याचा दांडा वर्षानुवर्षं टिकतो. पात्याचा दोन हंगामांत भुगा होतो. मीठ लाकडाला राखतं आणि लोखंडाला खातं. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण खारट चव लागली की आम्हाला आधी लाकूड आठवतं. ही चूक आम्हीच करणार. दुसरा कुणी असता तर लाकूड चाटलंच नसतं.

छकड्यात लोखंड ते किती? धाव, ती नवी होती. आणि दोन्ही चाकांतून जाणारा कणा. कण्याचा मधला भाग लाकडात दडलेला, टोकांवर काळं वंगण चोपडलेलं. विश्रामनं धाव नवी का ते विचारलं. काळुराम म्हणाला, जुनी झिजली. मग विश्राम म्हणाला, चाक काढून कणा दाखव. काळुराम म्हणाला, आधी जुवाला हात, मग सगळा छकडा सोडवून बघ, तुझाच आहे. माणसं हसली. आनंदानं पुढं पाऊल टाकलं. विश्रामच्या कपाळावरून घाम गळत होता. पण आवाज वाफ्यावरच्यासारखा, सावकाश झाला होता.

"नको काढू चाक," तो म्हणाला. "माझे बैल जोड. तू बस, तूच हाक. त्या वडापर्यंत जोरात ने आनि आन. मी हितंच उबा हाय."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांनी गलका केला. मी आणि काळुरामनं पोवळ्या-खैऱ्याला जुंपलं. घुंगरं वाजली तसे बैल थयथय करायला लागले. त्यांना पळायचं होतं. काळुराम चढला, कासरे घेतले आणि निघाला.

चालत निघाला.

माणसं ओरडत होती, पळव, पळव. काळुराम दोन्ही हातांनी कासरे ओढून धरत होता. बैल माना वर करून तोंडाला फेस आणत होते आणि तो त्यांना आवरत होता. वडापाशी तर तो उतरला, हातानं छकडा वळवला आणि पुन्हा चढला. ज्या छकड्याची आम्ही वर्षभर धूळ आठवली, तो पालखीसारखा परत येत होता. आधी माणसं हसली. मग एकमेकांकडं बघू लागली. बंदरावरची माणसं गाड्या हाकणारी, कण्यात खोट आहे हे त्यांना सांगायला लागत नाही. आनंदानं पागोटं सारखं केलं आणि चालू लागला.

काळुराम उतरला तेव्हा त्याचा चेहरा छकड्याच्या रंगाचा होता. त्यानं विश्रामला गोठ्याच्या आडोशाला नेलं. मी आणि बायजाही गेलो. सगळं सांगून टाकलं त्यानं. शर्यत जिंकल्यावर खाडीच्या बांधावरून घरी येताना छकडा खाली खाडीत गेला. भरत्या येत गेल्या, चिखलात रुतलेला छकडा कित्येक महिने निघाला नाही. काढल्यावर धाव गळूनच पडली. कण्याचं काय झालंय ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

"बगायला भ्यालो," तो म्हणाला.

मला वाटलं आता आपण निघायचं. उन्हात एवढं चालून आलो आणि रिकामे जाणार. जत्रा गेली, पुकारा गेला. पण विश्राम छकड्याकडंच बघत होता.

"कना तुजा तुला," तो म्हणाला. "धावपन काढून घे. लाकडाचं बोल."

काळुरामला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यानं स्वतःच खांद्यावरचा रुमाल काढला. रुमालाखाली उजवा हात लागतो. बायजानं गाठ सोडली, आणि या वेळी फडकं गोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेवलं. दोघांची बोटं रुमालाखाली बोलली. मला किंमत कळली नाही, विचारलीही नाही. विश्राम बाहेर आला, सगळ्यांसमोर जुवाला तळहात लावला आणि तसाच दाबून धरला. बायजानं तोंडाला पदर लावला. ती रडते की हसते ते कळेना, मग खांदे हलले तेव्हा कळलं, हसत होती.

तिथंच चाकं काढली. कणा ओढला. टोकाला उसाएवढा जाड होता, लाकडातल्या भागात बोटाएवढा उरला होता. काळुरामनं तो गुडघ्यावर ठेवून वाकवला. वाकला नाही, तुटला. तुटका तुकडा त्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तो स्वतः त्याच छकड्यावर वडापर्यंत बसून गेला होता.

पुढचे दिवस झोप नावापुरती. लाकडापुरते देऊन उरलेल्या पैशांत कल्याणच्या लोहारानं नवा कणा आणि धावा घडवल्या. भाता विश्रामनं ओढला, कारण दुसऱ्याचं भाता ओढणं त्याला पसंत पडेना. लाकूड खारटच राहणार होतं. म्हणून कणा बसवताना लाकडाच्या आणि लोखंडाच्या मध्ये त्यानं तेलात मुरवलेलं कातडं घातलं. एकदा घातलं, पसंत पडलं नाही, काढलं, पुन्हा घातलं. छकडा जरा जड झाला. मी तसं बोललो. तो म्हणाला, बैल पळवायचे आहेत, उडवायचे नाहीत.

जत्रेच्या दिवशी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. फेरीला तीन छकडे होते. त्यातला एक त्याच्या जुन्या मालकाचा, त्यावर नवा हाक्या. पुकारणारा उंचावर चढला आणि ओरडला, कोपरचा विश्राम, पोवळ्या-खैऱ्या. आमच्या आगरातली सगळी माणसं एकदम ओरडली. मला वाटतं तिथून पुढं मी काही श्वास घेतला नाही.

सुटताना तो मागं पडला. जड छकडा, उठायला वेळ घेतो. वळणावर मालकाचा छकडा एका चाकावर झाला आणि हाक्यानं बैल आवरले. विश्रामनं आवरले नाहीत. वाकून पोवळ्याच्या शेपटीपाशी तोंड नेऊन तो काहीतरी ओरडला. लाल छकडा वळणात जमिनीला चिकटल्यासारखा गेला. मग नुसती धूळ. बायजा माझ्या दंडाला धरून उड्या मारत होती. त्या दंडावर दुसऱ्या दिवशी निळं उठलं होतं. धुळीतून आधी खैऱ्याची शिंगं आली, मग लाल आलं. दुसरं काही आलं नाही, बराच वेळ.

पंच फेटा घेऊन विश्रामला शोधू लागले. छकड्यावर तो नव्हता. बैल सोडून बाभळीला बांधलेले, त्यांच्यापुढं पेंढा टाकलेला. माणसं नाव घेऊन हाका मारत होती. मला दोन पाय दिसले, छकड्याखालून बाहेर आलेले. एका चाकाची खीळ काढून तो कण्याला बोट लावून बघत होता.

पंचांनी फेटा बायजाच्या हातात दिला. ती त्या पायांपाशी जाऊन उभी राहिली.

"कसा हाय?" तिनं विचारलं.

"थांब," आतून आवाज आला. "दुसरं चाक राह्यलंय."