फैजपूरच्या अलीकडचं वळण

बिनचालकाच्या गाडीला रस्ता शिकवायला आम्ही चोपड्याचा एक ड्रायव्हर घेतला होता. तो चालवायचा, यंत्र बघून शिकायचं. फैजपूरच्या अलीकडे, केळीच्या बागांमधल्या वळणावर तो रोज थांबायचा, एकदाच हॉर्न द्यायचा आणि स्टिअरिंग सोडून रिकाम्या रस्त्याला हात जोडायचा. माझं डोकं फिरायचं. तो शांतपणे म्हणायचा, "त्याले जाऊ द्या भाऊ, मंग निघू." कोणाला, ते मी कधी विचारलं नाही.

काल गाडी पहिल्यांदाच ड्रायव्हरविना निघाली. मागे मी एकटा. त्या वळणावर ती थांबली. हॉर्न वाजला. समोर कोणीच नव्हतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र एक माणूस सावकाश रस्ता ओलांडत होता.

ऑफिसातून फोन आला, "का थांबलात? रस्ता मोकळा आहे ना?"

मी कुजबुजलो, "त्याले जाऊ द्या."