झाडी फोडणारी रायफल

अमेरिकेतल्या बॉथेलच्या आसपासची आपली माणसं अजूनही ही गोष्ट जेवणाच्या पंगतीत हसत हसत सांगतात. काकांनी हरणासाठी तोफ घेतली, म्हणे. सांगू देत. ज्यांनी कोंबडीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलीच पाहिली, त्यांनी शिकारीवर बोलायचं आणि आपण ऐकायचं. पण झालं काय ते मला ठाऊक आहे, आणि माझ्या बायकोला ठाऊक होतं. ती आता नाही. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही मास्तरांनी ढकललं म्हणून. तेव्हा माझं शुद्धलेखन कोणी काढू नये.

ऐंशी सालानंतर चार-पाच वर्षं झाली असतील. मेव्हण्याने कागदपत्रं करून आम्हाला अमेरिकेत आणलं होतं आणि मी एका मशीन शॉपमध्ये लेथ चालवत होतो. त्या उन्हाळ्यात बायकोच्या पोटात गाठ निघाली. पोट कापून बघितलं, पुन्हा शिवलं. डॉक्टर आपलाच, नागपूरकडचा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आता पथ्य वगैरे काही नको. काकू मागतील ते द्या."

तिने मागितलं काय, तर शिकारीची सागुती, रानातल्या जनावराचं मटण.

तिचा बाप घाटाखालचा नावाजलेला शिकारी. ठासणीच्या बंदुकीने डुक्कर पाडायचा, भेकर पाडायचा. इथल्या दुकानातलं मटण तिने कधी मनापासून खाल्लं नाही. कापूस चावल्यासारखं लागतं म्हणायची. मी म्हटलं, एवढंच ना? ऑक्टोबरात हरणाचा सीझन उघडतो. आणतो.

आता बंदूक कुठली घ्यायची. इथेच शहाण्यांची गर्दी झाली.

पहिला शहाणा म्हणजे आमच्या बिल्डिंगमधला पुण्याचा इंजिनियर. विमानाच्या कंपनीत होता. अंड्यापलीकडे गेलेला नाही, पण बंदुकांची मासिकं वाचलेली. ही त्याची विद्या. मला म्हणाला, "काका, इथलं जंगल म्हणजे नुसतं ब्रश, दाट झुडपं. हलकी, फास्ट गोळी पानाला लागली तरी डिफ्लेक्ट होते. तुम्हाला हेवी बुलेट पाहिजे. जड गोळी झाडी फोडत जाते. मोमेंटम, काका, सिंपल फिजिक्स."

दुसरा शहाणा दुकानदार. मी आत शिरलो तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुकान झाडायला आलोय. पण इंजिनियरने इंग्रजी झाडलं, तसा पाघळला आणि भिंतीवरून एक लिव्हरची रायफल काढून दिली. लिव्हरची म्हणजे चापाखाली लोखंडी कडं असतं, त्यात बोटं घालून खाली ओढायचं नि वर करायचं. रिकामं काडतूस उडतं, नवं बसतं. काडतुसाला पंचेचाळीस-सत्तर म्हणतात. माझ्या अंगठ्याएवढं. दुकानदार म्हणाला, "यापुढे झुडूप म्हणजे काहीच नाही. अस्वल आलं तरी आडवं."

मी लिव्हर ओढून बघितला. काम सुरेख होतं. पोलादावर कुठे ओरखडा नाही, फटीतून कागद जाणार नाही अशी जोडणी. आयुष्य लोखंड कापण्यात गेलेलं, त्यामुळे तेवढं मला कळतं. हरणाचं काय कळत होतं? पण कबूल कोण करणार.

तिसरा माझ्याशेजारच्या लेथवरचा गोरा म्हातारा. तंबाखू चघळायचा, डबा पुसायचं फडकं आणि मशीन पुसायचं फडकं एकच. शाळा त्यालाही माझ्याएवढीच. तो लहानपणापासून त्या डोंगरात शिकार करत आलेला. मी ऐटीत रायफलचं सांगितलं तर म्हणाला, "इथलं हरीण बकरीएवढं असतं. तीस-तीस पुरते. माझ्या बापाचीच आहे, ती घेऊन जा."

तीस-तीस म्हणजे तसलीच लिव्हरची, पण जुनी आणि लहान काडतुसाची. मी मनात म्हटलं, कंजूष लेकाचा. बापाची फुटकी बंदूक मला देतोय.

मग सीझनचा पहिला शनिवार. आमच्याकडे शिकार म्हणजे हाकारा. चार माणसं झाडीत शिरून ओरडत येतात, जनावर पुढे पळतं, आणि बंदूकवाला वाटेवर उभा. मी इंजिनियरला आणि त्याच्या दोन मित्रांना हाकाऱ्याला नेलं. तिघांच्या अंगात नारिंगी जाकिटं, एकाच्या गळ्यात कॅमेरा, एकाने थर्मासमधून चहा आणलेला. काट्यात शिरायच्या आधीच विचारणा, "काका, यात टिक्स असतात का?"

"असतात. गोचिड तुला बघून पळतील. शिर आत."

ओरडायला सांगितलं तर लाजायला लागले. शेवटी एकाने क्रिकेटच्या मैदानावर ओरडतात तसं "आउट है!" करून बोंब मारली. हसू का रडू असं झालं. पण हरीण उठलं खरं. माझ्यापासून तीस पावलांवर फर्नच्या गचपणात येऊन उभं राहिलं. खांदा दिसत होता, मधे बारीक फांद्यांची जाळी. मी म्हटलं, जड गोळी आहे, फोडून जाईल. बार काढला. खांद्यावर घण बसावा तसा धक्का. डोंगर घुमला.

हरीण नाही. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. करंगळीएवढी एक फांदी तेवढी तुटून लोंबत होती.

इंजिनियर धापा टाकत आला. "काका, काय आवाज! साउंड काय आहे यार याचा!"

मी रिकामं काडतूस उचलून खिशात टाकलं. 

सोमवारी शॉपमध्ये म्हाताऱ्याने ऐकलं आणि मशीन बंद करून हसला. म्हणाला, "झुडपातून कुठलीच गोळी सरळ जात नाही. ना जड, ना हलकी. झुडूप संपायची वाट बघायची असते." मग म्हणाला, "तुझी बायको आजारी आहे ना? माझं हरीण पहिल्याच दिवशी झालं. फ्रीझरमध्ये आहे. उद्या अर्धं आणतो."

मी नको म्हटलं.

का म्हटलं ते सांगतो. आमच्या गावात शिकारीचे वाटे पडतात. बार काढणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा, कुत्र्याचासुद्धा. पण जो शिकारीला उभा राहिला नाही त्याने वाटा घ्यायचा नाही. घेतला तर तो भिकारी. मी म्हाताऱ्याला समजावून सांगितलं, मी तुझ्या शिकारीला नव्हतो. तो "मग काय झालं?" म्हणाला. मला वाटलं, याला काय कळणार. जंगली माणूस.

त्या आठवड्यात बायको अर्धी भाकरी खात होती.

पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो, तीच तोफ घेऊन. कारण घेतलेली होती, आणि मी घेतलेली होती. दोन हरणं दिसली, दोन्ही झाडीत. एकदा बार काढला. फांद्या तुटल्या. खांदा काळानिळा झाला, लेथचं हँडल फिरवताना दात खायला लागायचे. घरी आलो तर ती म्हणाली, "मिळेल हो. घाई काय." तिसऱ्या आठवड्यात भाकरी सुटली. पेज आणि ताक.

तेव्हा मी म्हाताऱ्याकडे गेलो आणि म्हटलं, मला तुझ्या शिकारीला घे. बंदूक आणत नाही, हाकाऱ्याला उभा राहतो. त्याच्याकडे अजून एका हरणाचा परवाना होता का, मुलाचा होता का, मी विचारलं नाही. त्याने मला झाडीच्या वरच्या अंगाला सोडलं आणि स्वतः खाली ओढ्याच्या मोकळ्या पट्ट्यावर बसला. मी काट्यातून ओरडत उतरलो. बापाच्या गावात ओरडायचो तसा, पोटातून. कपडे फाटले. खाली एकच बार झाला, लहानसा, काडी मोडल्यासारखा. जाऊन बघितलं तर हरीण ओढ्याकाठी पडलेलं. ते झुडपातून बाहेर येईपर्यंत म्हातारा नुसता बसून राहिला होता.

अर्धं मला दिलं. मान वर करून घेतलं. हाकाऱ्याचा वाटा.

घरी मीच शिजवलं. कांदा-खोबऱ्याचं वाटण तिने खाटेवरून सांगितलं, मीठ दोनदा विचारलं. वास सुटला तशी उठून बसली. ताटली मांडीवर घेतली आणि बापाच्या घरी विचारत असतील तसं पहिलं विचारलं, "बार कोणाचा?"

मी सांगितलं. आणि बोलायच्या भरात त्या सोमवारचंही सांगितलं, आपण वाटा कसा नाकारला ते. जरा छाती काढूनच.

ती थांबली. "म्हणजे पंधरा दिवस मटण तयार होतं?"

"होतं. पण उभं न राहता वाटा घ्यायचा कसा?"

"अहो, आजाऱ्याच्या घरचा वाटा वेगळा असतो. माझा बाप तो सगळ्यात आधी काढायचा, देवाच्याही आधी. आजारी माणूस घरात टाकून कोण येणार हाकाऱ्याला? तो वाटा न मागता घरी पोचवायचा. त्या गोऱ्याला कळलं ते."

"मला ठाऊक नव्हतं."

"कसं असणार. शिकारीच्या घरचे आम्ही. तुम्ही हाकारे." असं म्हणून हसली, आणि हसताना पोट धरलं.

  पुण्याच्या इंजिनियरला मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आलो, पण त्याने माझा एक शनिवार घालवला. बाकीचे दिवस माझे मी घालवले.

बोटी तिने तोंडात घातली, जिभेवर फिरवली, चावता येईना म्हणून हातात काढून ठेवली. मग रस्सा. एक चमचा, दोन, तीन. डोळे मिटून घेतले. चव बरोबर आहे म्हणाली. चौथा चमचा मी पुढे केला, तो हाताने बाजूला सारला.

"तुम्ही जेवा," म्हणाली, "निवतंय."

मी जेवलो. सागुती चांगली झाली होती.