एकट्या खांद्याची गिटार

नारायणगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पाठीवर बेसगिटार होती आणि मामाच्या हातात नारळाची पिशवी. बघायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये, असं म्हणत त्यानं पिशवी वर करून दाखवली. मला गिटार बनवणारा कारागीर शोधायचाय, हे मी फोनवर त्याला दोनदा सांगितलं होतं. पण मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून पिंपळवंडीत बसून अख्ख्या तालुक्याची लग्नं जमवतो. कारागीर काय आणि स्थळ काय, शोधायची रीत त्याच्या लेखी एकच. माझ्यासाठी आणलेली एकूण एक स्थळं मी नाकारली होती. आज पहिल्यांदाच मी आपण होऊन बघायला निघाले होते, म्हणून तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

माझं दुखणं खांद्याचं. बेसगिटार म्हणजे चार जाड तारांची, उखळासारखी जड गिटार. ती वाजत असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, थांबली की मात्र गाणं पांगळं होतं. वीस-बावीस वर्षं ती गळ्यात अडकवून उभी राहिल्यावर माझा डावा खांदा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे ओझं बंद करा, नाहीतर हात वर जायचा नाही. बँडमधल्या कीबोर्डवाल्यानं लगेच सोय सुचवली, की तुझं काम मी डाव्या हातानं करीन. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. आता एक तर माझ्या अंगाच्या मापानं कुणी हलकी गिटार घडवायची, नाहीतर मी वाजवणं सोडायचं.

पहिलं स्थळ वारूळवाडीतलं. द्राक्षबागेच्या कडेला बंद पडलेल्या शीतगृहात एका तरुणानं कारखाना थाटला होता. तो गिटार घडवायची विद्या परदेशात जाऊन शिकला होता. पोहे आले. छताला दोऱ्यांनी फळ्या टांगलेल्या होत्या आणि प्रत्येक फळीला नाव होतं. त्यानं मला खुर्चीवर बसवून माझ्या आवाजाचा आतापर्यंतचा प्रवास विचारला. मी जमेल तसं सांगितलं. मग मामानं त्याला विचारलं, की आतापर्यंत किती गिटारी झाल्या? तो म्हणाला, एकही नाही, लाकडाला अजून इथली हवा मानवली नाही. एका फळीवर हात फिरवत त्यानं तिचा मूड आज ठीक नसल्याचंही सांगितलं. आम्ही नारळ ठेवून निघालो.

"मुलगा चांगलाय," एसटीत बसल्यावर मामा म्हणाला, "पन त्यो घराभायेर पडायचा न्हाई."

जुन्नरच्या बाजारपेठेत शिवनेरीकडं तोंड करून एक अरुंद दुकान आहे. तिथले चाचा पेट्या (हार्मोनियम) आणि ढोलक्या दुरुस्त करतात. इथंही पोहे, वर बारीक शेव. चाचांनी माझी गिटार मांडीवर घेतली, तार छेडली, कान लावला आणि हिला आवाजच नाही म्हणून काळजीत पडले. वीज लागते, मी सांगितलं. त्यांनी समोरच्या भाजीवाल्याच्या हातगाडीवरचा भोंगा मागवला. कांदे-बटाट्याची जाहिरात थांबवून वायर जोडली. मी सगळ्यात जाड तार नुसती हलवली. तीन दुकानांची शटरं थरथरली, भोंग्यातून एक उचकी आली आणि तो कायमचा गप्प झाला. भाजीवाल्याला मग गळा काढून ओरडावं लागलं, आणि दर ओरडीनंतर तो माझ्याकडं बघत होता.

चाचांना मात्र आवाज फार आवडला. हिला पोटात भोपळा घालून देतो, तुम्ही मांडी घालून वाजवा, खांद्याचा प्रश्नच मिटला, असं त्यांचं म्हणणं पडलं. तोडगा बिनतोड होता. पण पाय हलल्याशिवाय माझी बोटं चालत नाहीत. बसले की मला लय सापडत नाही. हे त्यांना पटलं आणि ते जरा हिरमुसले.

"खांद्याचंच असंल तर घोडेगावकडं जावा, बेटा," ते म्हणाले. "तिथं एक मेस्त्री शर्यतीचे गाडे बनवतो. त्याच्या गाड्याचं वजन बैलाला कळत न्हाई."

बाहेर आल्यावर मामानं निकाल दिला, की माणूस मनानं मोठा, पण आपल्या पोरीला बसवून ठेवील.

जुन्नरहून घोडेगावला जाताना मी मामाला परोपरीनं विनवलं, की हे पुरे, गाडेवाल्याकडं जाऊन हसं करून घ्यायला नको. मामा म्हणाला, पाहुण्यांना निरोप गेलाय. खरंच गेला होता. मेस्त्रींच्या अंगणात सतरंजी अंथरलेली होती आणि गाडे बघायला आलेली चार माणसं गाडे सोडून आमची वाट बघत बसली होती. पोह्यांऐवजी मासवडी (मासा नसलेली, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) आणि झणझणीत रस्सा आला. मी तीनदा रस्सा घेतला.

मेस्त्रींचा स्वतःवर भलता विश्वास. बेसगिटार त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, तरी हिच्यात काय चुकलंय ते त्यांनी हात धुण्याआधीच सांगून टाकलं. मग दोरी आणली आणि जू (बैलांच्या खांद्यावरचं आडवं लाकूड) करताना बैलाचं घेतात तसं माझ्या खांद्याचं माप घेतलं. दोरीला गाठ मारून ते थांबले.

"जोडीला कोन हाय?"

"कुणी नाही. मी एकटीच वाजवते."

"एकट्या खांद्याचं माप आमी घेत न्हाई, ताई. जोडीबिगर कल कळत न्हाई."

मामा गंभीरपणे उठला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आमच्या दोघांच्या खांद्यांवर एक जू ठेवलं गेलं आणि मेस्त्रींनी आम्हाला अंगणाला फेरी मारायला लावली. आयुष्यभर माझी जोडी शोधणारा मामा शेवटी स्वतःच जोडीला जुंपला गेला आणि पावलाला पाऊल लावून चालला. माणसं वाकून आमचे पाय बघत होती. मी डावीकडं कलतेय, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग मेस्त्रींनी पांगाऱ्याची एक हलकी फळी कापून रुंद पट्ट्यानं माझ्या गळ्यात अडकवली. मागच्या टोकाला दगड बांधला आणि फळी आडवी स्थिर राहीपर्यंत तो इकडंतिकडं सरकवला. "वाजवा," ते म्हणाले. तारा नाहीत, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "बैल जुंपल्याबिगर गाड्याचं काय कळतंय?"

मी डोळे मिटले आणि बिनतारांच्या फळीवर एक अख्खं गाणं वाजवलं. पाय आपोआप हलले. अंगणात जरासुद्धा आवाज नव्हता, आणि गाणं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खांदा दुखलेला नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "लई भारी वाजावता, राव," फेट्यातले एक आजोबा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वाजवायला सांगितलं. मी वाजवलं.

त्यानंतर मेस्त्रींच्या बायकोनं मला पडवीत नेऊन माझ्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची अशीच खांदेमळण करतात. मळलेल्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवत नाहीत. त्यामुळे मला पर्सही उचलू दिली नाही, गिटार मामानं घोडेगावच्या स्टँडपर्यंत वाहिली आणि त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याची घडी मोडली.

निघताना मेस्त्रींनी फळी माझ्याबरोबर दिली. आठवडाभर वाजवा, खांदा हो म्हणाला तर कळवा, मग तारांचं बघू. गिटारीला भगवा रंग आणि घुंगरं लावायचा त्यांचा बेत होता. घासाघीस करून मी तो एका गोंड्यावर आणला.

पुण्यात मी ती फळी रोज स्वयंपाकघरात उभी राहून वाजवली. खालच्या काकूंनी जिन्यात विचारलं, की गाणंबिणं सोडलंस का गं? मी नकारार्थी मान हलवली. कधी नव्हे इतकी मी त्या आठवड्यात वाजवत होते. एरवीही बेस कुणाला ऐकू येते! ती वाजवणाऱ्याच्या अंगात असते, एवढं मला त्या अंगणात चारचौघांसमोर कळलं, आणि माझ्या अंगाला ती पेलणार आहे हेही. शनिवारी मी मामाला फोन लावला.

"मामा, पसंत आहे," मी म्हणाले.

पलीकडं फोन कानापासून लांब नेऊन त्यानं मामीला हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? पोरगी व्हय म्हनली."