कानबाईचं वाक्य

संशोधन विभागात तिला सगळे कानबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती. दिवसभर हेडफोन चढवून ती डॉक्टर आणि पेशंट यांची रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकायची. कोण कोणाला मध्येच तोडतं, कोण गप्प बसतं, कोणाचं वाक्य अर्ध्यावर राहतं, हे टिपून ठेवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा.

असलं काम वर्षानुवर्षं केल्यावर माणसांची शिसारी आली नाही तरच नवल. एक डॉक्टर बिस्किट खाता खाता एका बाईला गर्भाशय काढावं लागेल म्हणून सांगत होता, आणि त्याचं कुरुमकुरुम त्या बाईच्या हुंदक्यापेक्षा मोठं ऐकू येत होतं. दुसरा एक जण, पेशंटने तोंड उघडलं रे उघडलं की ‘बरं बरं बरं’ करायचा, दारात आलेली शेळी हाकलावी तसं. संध्याकाळी हेडफोन काढताना कानबाईला आपले कान साबणाने धुवावेसे वाटत.

मग तिने उपाय काढला. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढायची, पेशंटच्या मनगटावर हात ठेवायचा, जरा थांबायचं आणि म्हणायचं, ‘तुमच्या मनात काय चाललं असेल, ते मी समजू शकतो.’ वाक्य तिचं स्वतःचं, महिनाभर घासूनपुसून लखलखीत केलेलं. एका मोठ्या हॉस्पिटलने डॉक्टरांच्या तुकड्याच्या तुकड्या तिच्यासमोर आणून बसवल्या. त्यानंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये तक्रारी आटल्या होत्या आणि पेशंटचे प्रश्नही निम्म्यावर आले होते. समाधान झाल्यामुळे प्रश्न कमी झाले, असं तिने अहवालात ठोकून दिलं. काचेचं एक सन्मानचिन्ह तिच्या टेबलावर येऊन बसलं. त्यावर ती चष्मा अडकवून ठेवायची.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. बाबांनी उभा जन्म बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात घालवला होता. रिटायर झाल्यावरही खोड गेली नव्हती. स्वयंपाकघरातून ते खणखणीत आवाजात जाहीर करायचे, “प्रवाशांनी नोंद घ्यावी, भाजी आज थोडी उशिरा सुटेल.” गेले काही महिने तो आवाज बसला होता. तपासण्यांत घशात गाठ निघाली, ऑपरेशन करावं लागेल असं कळलं आणि सर्जनला भेटायची वेळ मिळाली.

“मला एकच विचारायचंय,” त्याच मोठ्या हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना बाबा म्हणाले. “आवाज राहील का. तू मध्ये पडू नकोस. माझं मी विचारीन.”

उत्तराचा तिला अंदाज होता. पण ते सांगणं डॉक्टरचं काम, असं म्हणून तिने हात झटकले होते.

सर्जन तरुण होता, इस्त्रीतला, अत्तराचा वास मारणारा. तिला पाहताच त्याचा चेहरा उजळला. “अरे, मॅडम तुम्ही? तुमच्या दुसऱ्या तुकडीत होतो मी.” आणि मग त्याने खुर्ची जवळ ओढली. बाबांच्या मनगटावर हात ठेवला. थांबला. त्या थांबण्यात त्याने हळूच कानबाईकडे पाहून घेतलं, वर्गात कविता न अडखळता म्हणून झाल्यावर पोरगं बाईंकडे बघतं तसं. “तुमच्या मनात काय चाललं असेल, ते मी समजू शकतो,” तो म्हणाला.

बाबांनी तोंड उघडलं. सर्जनने मनगट थोपटलं. “आम्ही आहोत ना. काही शंका असली तर अगदी मोकळेपणाने विचारा हं,” असं म्हणताना त्याचं बोट पुढच्या पेशंटच्या घंटीवर गेलेलं होतं.

“नाही, काही नाही,” बाबा म्हणाले. “आभारी आहे.”

बाहेरच्या बाकावर ते टेकले. “विचारलं का नाही तुम्ही?” तिने जरा चिडूनच विचारलं.

“इतकं गोड बोलला गं तो. हात धरून बसला. त्यात मी आपलं आवाजाचं कुठे काढू? वस्सकन अंगावर आला असता, तर मीही दटावून विचारलं असतं.”

निम्म्यावर आलेले ते सगळे प्रश्न कानबाईला आठवले. समाधान कसलं, डोंबलाचं. शेकडो माणसं आपला प्रश्न गिळून, वर आभार मानून घरी गेली होती, आणि त्यांच्या तोंडात बोळा कोंबायचं काम तिने डॉक्टरांना पदरचं वाक्य देऊन शिकवलं होतं. बिस्किटवाला निदान उघड उघड निर्लज्ज होता. हे तिचं काम त्याहून ओंगळ होतं.

तिने बाबांना उठवलं, सर्जनच्या खोलीचं दार ढकललं आणि त्यांना पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं. “यांना विचारायचंय,” ती म्हणाली.

“आवाज राहील का माझा?” बाबांनी विचारलं.

सर्जनने आधी बाबांकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत उभी राहिली. मग त्याचा हात आपसूक मनगटाकडे सरकला. “तुमच्या मनात काय चाललं...”

“ते झालं मघाशी,” बाबांनी हात मांडीवर ओढून घेतला. “आवाजाचं सांगा.”

सर्जनने हात मागे घेतला.

“नाही राहणार,” सर्जन म्हणाला. त्याचा स्वर पहिल्यांदाच माणसासारखा आला, घोगरा आणि अवघडलेला. “पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. नंतर यंत्राने बोलता येतं, पण हा आवाज नाही.”

बाबांनी मान डोलावली. “किती दिवस पुढे ढकलता येईल?”

“फार नाही. दोन आठवडे. का?”

“बोलून घ्यायचंय.”

“कोणाशी?” सर्जनने विचारलं. हा प्रश्न कानबाईने कुठल्याच तुकडीला शिकवलेला नव्हता.

बाबांनी तिच्याकडे बोट केलं. “हिच्याशी. दिवसभर लोकांचं ऐकून घरी येते बिचारी. आल्यावर म्हणते, बाबा, आता कोणी काही बोलू नका.”