डिसेंबरातला बीच आणि सात हाफ पँटी

"मॅम, वुई ओपन इन मे," फोनवरची बाई म्हणाली.

मी ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, हॉटेलात दुपारच्या जेवणाचं टेबल सांगायला फोन केला होता. तारीख होती डिसेंबरची. मी विचारलं, मग सध्या बेटावर पाहण्यासारखं काय असतं?

"विंड," ती म्हणाली. आणि हसली.

दुबईत टुरिस्टांच्या सहली आखण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. पण मी आखलेली अमेरिकेची ही पहिलीच सहल, आणि तीही हट्टाने मागून घेतलेली. आमचे बॉस फैजलभाई म्हणाले होते, "मॅडम, ये फॅमिली खुश होके आयी तो अमेरिका डेस्क आपका. नहीं तो वापस व्हिसा काउंटर." व्हिसा काउंटरवर मी सहा वर्षं फॉर्मांना फोटो चिकटवले होते. पुन्हा तिथे बसायची कल्पनाही नको वाटत होती.

फॅमिली म्हणजे दुबईच्या उत्तरेकडच्या रास अल खैमाचे महाडिक. टाइल्सचा धंदा. मुलगी सई ऱ्होड आयलंडच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्सला, डिझाइन शिकते. तिला भेटायला आजींसकट सात जण निघणार होते. "जिथे पोरगी राहते ते राज्य नीट दाखवा," एवढीच महाडिकांची अट. राज्य अमेरिकेतलं सगळ्यात लहान. आपण दुबईहून रास अल खैमाला पोचतो तेवढ्या वेळात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत संपतं. मी खुशीत आयटिनररी, म्हणजे रोजचा कार्यक्रम, करून टाकली: दोन दिवस बीच, एक दिवस बेटावर पिकनिक, एका संध्याकाळी नदीत पेटवलेल्या शेकोट्यांचा सोहळा.

आता मी बाकीचे फोन केले. शेकोट्यांचा सोहळा हिवाळ्यात नसतो. बीचवर चिटपाखरू नसतं.

चूक कशी झाली ते सांगते. आखातात राहणारा माणूस उन्हाळा एसीत काढतो आणि डिसेंबर आला की चटई, बार्बेक्यू घेऊन बाहेर पडतो. आमच्या डोक्यात डिसेंबर म्हणजेच फिरायचा सीझन. आयटिनररी ऑफिसात चौघांनी तपासली होती. चौघंही इथलेच. एकालाही शंका आली नाही!

निघायला नऊ दिवस होते. लपवण्यात अर्थ नव्हता. महाडिकांना फोन लावला.

"बीच बंद? समुद्राला कुलूप लावतात की काय मॅडम?"

"साहेब, बर्फ पडतो तिथे. चूक माझी आहे. मी इथल्या हिशेबाने डिसेंबर धरला. मला उद्यापर्यंत वेळ द्या, नवीन प्लॅन देते."

ते खो खो हसत सुटले. "अहो, मी तर सगळ्यांना एकसारख्या फुलाफुलांच्या हाफ पँटी घेतल्यात! सात! आईलासुद्धा!"

मलाही हसू आवरेना. पण मग ते गंभीर झाले. "बघा मॅडम, आई दोन वर्षांनी नातीला भेटणार आहे. हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवू नका तिला."

रात्र होण्याआधी मी तीन माणसं गाठली, तिघंही तिथे राहणारी. त्यातली एक सईची घरमालकीण. तुम्ही या दिवसांत पाहुण्यांना काय दाखवता, एवढंच विचारलं. भराभर उत्तरं आली. न्यूपोर्ट या किनाऱ्यावरच्या गावातले महाल, नाताळासाठी सजवलेले. जुन्या काळच्या धनिकांनी उन्हाळ्यापुरते बांधलेले. सत्तर खोल्यांच्या घराला ते 'कॉटेज' म्हणत. प्रॉव्हिडन्समधल्या सरकारी इमारतीचा संगमरवरी घुमट. शेजारच्या राज्याने धर्मावरून हाकललेल्या एका पाद्र्याने हे गाव वसवलं, आणि ज्याने त्याने आपापला देव मानावा असं ठरवलं, ती गोष्ट. मक्याच्या पिठाची धिरडी. आणि बोटीतून सील हे समुद्री प्राणी बघणं. हे सील थंडीतच तिथे येतात.

नवीन प्लॅन दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: जाड कोट, कानटोपी, हातमोजे. महाडिकांचं उत्तर आलं, "यल्ला, चलेगा." यल्ला म्हणजे अरबीत 'चला'.

मंडळी परतल्यावर आजींचा फोन मला थेट आला. "अगं, तुझे ते सील! खडकावर लोळत पडलेले. सई म्हणाली, वर उत्तरेला फार गारठा असतो म्हणून इथे येतात. म्हणजे आपल्याकडे थंडीत गोरे येतात तसंच की!" मग हळूच म्हणाल्या, "पोरगी माझा हात धरून बसली होती बोटीत, पूर्ण वेळ." महाडिकांनी मात्र महालात सीलिंगकडे एकदाही पाहिलं नाही म्हणे. ते फरशीचे सांधे तपासत होते.

फैजलभाईंनी सगळं ऐकून घेतलं, चुकीसकट. "खलास, बात खतम," म्हणाले, "डेस्क आपका. लेकिन अगली बार पहले फोन, बाद में प्लॅन." मी डेस्कवर बसले आणि पाच मिनिटं काहीच केलं नाही. नुसती खूश होते.

तेव्हापासून कुठलंही गाव आखण्याआधी मी तिथल्या एका माणसाला फोन करून विचारते, सहलीच्या महिन्यात तुम्ही अंगात काय घालता? उत्तरात कोट आला की बीच कट.