मागावरची खोली

सोलापूर स्वस्त शहर आहे, असं पुण्याला राहून आलेली माणसं म्हणतात. त्यांचं खरं असेल. पण शहर स्वस्त की महाग, हे तुम्ही कुठून आलात त्यावर ठरतं. मी दुधनीच्या पलीकडच्या एका वाडीतून येत होते. आमच्या वाडीत कुणी कधी घर भाड्याने घेतल्याचं मला आठवत नाही. नुसतं राहण्यासाठी दर महिन्याला कुणाला तरी काही द्यायचं, ही गोष्टच अप्पांना समजून घ्यायला दोन दिवस लागले. अप्पा म्हणजे माझे वडील. ते आणि माझे काका मिळून मेंढरं राखतात. घरात आम्ही कन्नड बोलतो, बाहेर मराठी; काका मात्र माझ्याशी मराठीच बोलतात.

हे सगळं लिहिण्यासारखं आहे का, याची मला अजून खात्री नाही. घरातली कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे विचारायलाही कुणी नाही. तरी लिहिते.

बी.एस्सी.ची पहिली दोन वर्षं मी रोज ये-जा केली. पहाटे वाडीतून वडापने, म्हणजे दहाच्या जागी सतरा माणसं बसवणाऱ्या जीपने, दुधनी स्टेशन. तिथून पॅसेंजर, आणि सोलापूरला उतरल्यावर कॉलेजपर्यंत चालत. जाताना फारसा त्रास नव्हता. घोळ व्हायचा तो परतीचा. संध्याकाळची गाडी निघायची तेव्हा आमचं प्रॅक्टिकल अर्ध्यावर असायचं. गाडी सुटली तर एसटी. तीत वळसंग येईपर्यंत उभं राहायचं, पुढे अक्कलकोटला उतरून दुधनीचं काही मिळतंय का ते बघायचं.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडायचं असतं. शेवटच्या एका थेंबाने फिकट गुलाबी रंग येतो, तिथे थांबायचं. मला ते कधीच जमलं नाही. हात स्थिर नव्हता असं नाही. एक डोळा घड्याळावर असायचा. मी घाई करायचे आणि रंग एकदम गडद व्हायचा. सर म्हणायचे, "पुन्हा कर." पुन्हा करायला थांबले की गाडी गेली, आणि गाडीसाठी पळाले की प्रयोग गेला.

तिसऱ्या वर्षी सरांनी मला बोलावून हजेरीचा तक्ता दाखवला. अजून तीन प्रॅक्टिकल बुडली तर परीक्षेला बसता येणार नाही, असं ते म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मुलींच्या होस्टेलच्या यादीत माझं नाव आलं नव्हतं. म्हणजे खोली शोधायची, एवढंच उरलं.

घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघ. नाय मिळाली तर बास झालं शिक्षण. तुला चांगलं स्थळ आलंय." अप्पा मेंढरं कोंडायला उठले. माझ्याकडे तीन आठवडे होते.

कॉलेजच्या आसपास 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या पुष्कळ होत्या. पहिल्या घरी एक बाई होत्या. हसतमुख. त्यांनी पाणी दिलं. मग नाव-आडनाव ऐकून विचारलं, "तुम्ही कोणातले?"

मला प्रश्न कळला नाही. खरंच कळला नाही. आमच्या वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात, हे कुणी विचारत नाही. मला वाटलं, कोणत्या वर्गातली ते विचारतायत. मी म्हटलं, "थर्ड इयरमधली."

त्या हसल्या. "तसं नाही गं. आडनावावरून लक्षात आलं नाही म्हणून विचारलं."

"धनगर."

"अच्छा. म्हणजे घरी मटणबिटण?"

"करतो की."

"अगं, पण ती खोली ना, कालच दिली बघ एकांना."

मी खाली आले तेव्हा पाटी तशीच लटकत होती. पाटी काढून ठेवा, असं म्हणायला मी जिन्याच्या दोन पायऱ्या वरही चढले होते. मग उतरले. माझं असंच होतं. बोलायचं ते मला जिन्यात सुचतं.

दुसऱ्या घरी आजोबांना मुलगी एकटी नको होती. मुलगा एकटा चालला असता का, असं विचारायचं राहिलं. तिसऱ्या घरी एक गृहस्थ, पुन्हा तोच प्रश्न, तीच कालच गेलेली खोली. तिथे मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मग पाटी काढा. माझ्यासारख्या अजून चार जणींचे पाय दुखतील." रस्त्यावर आल्यावर मला फार बरं वाटलं.

वर्गातल्या एका मुलीने सुचवलं, "आडनाव दुसरं सांग ना. कोण बघतंय?" मी रात्रभर विचार केला, असं म्हणणार नाही. पॅसेंजरमध्ये बसून विचार केला. अप्पा कधीतरी येतीलच बघायला. धोतर, पटका, खांद्यावर घोंगडं. तेव्हा मी काय सांगणार होते? हे कोण म्हणून सांगणार होते? नाही सांगणार दुसरं आडनाव. खोली नाही मिळाली तर नाही मिळाली, असं मात्र मी ठरवलं नाही. खोली हवीच होती. दोन्ही हवं होतं मला.

मग मी पूर्व भागात गेले. तिकडे मागवाल्यांची वस्ती. घराघरात टॉवेलाचे माग चालतात आणि घराघरात तेलुगू बोलतात. एका गल्लीत खाली मागाचा कारखाना आणि वर एक खोली असं घर दिसलं. वरच्या दाराला कुलूप होतं. दारात एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. आत मागांची खडखड एवढी की मला ओरडून विचारावं लागलं, "अव्वा, वरची खोली भाड्याने आहे का?" अव्वा म्हणजे आजी, आमच्याकडेही आणि तेलुगूतही.

तिने मान वर केली. माझ्याकडे बघून हात जोरात हलवला आणि आत तोंड करून ओरडली, "इल्लु! इल्लु!"

कन्नडमध्ये 'इल्ल' म्हणजे नाही. लहानपणापासून ऐकलेला शब्द. दोनदा इल्ल, वर हाताने हाकलल्यासारखं. मी मान हलवली आणि वळले. मागून ती अजून काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, एवढंही काय ओरडायचं? नाही तर नाही. मी मागे न बघता गल्लीच्या बाहेर आले. त्या दिवशी एसटीत वळसंगला जागा झाली तरी मी बसले नाही. का ते सांगता येत नाही. रागाने उभं राहिल्यासारखी उभी होते.

महिना संपायला पाच दिवस राहिले. काकांनी स्थळाकडच्यांना रविवारी यायला सांगितलं.

त्या आठवड्यात एकदा प्रयोगशाळेबाहेर आमच्या वर्गातली पूर्व भागातली एक मुलगी फोनवर धाकट्या बहिणीला झापत होती. तेलुगूत. सारखं आपलं इल्लु, इल्लु. फोन ठेवल्यावर मी सहज म्हटलं, "बहिणीला एवढं नाही नाही काय म्हणत होतीस?"

"नाही कुठं म्हटलं? घर झाडलं नाही म्हणून बोलत होते."

"मग इल्ल काय?"

"इल्ल नाही, इल्लु. इल्लु म्हणजे घर!"

मी तिथेच पायरीवर बसले. ती म्हणाली, "काय गं, बरं नाही का?" म्हातारी नाही म्हणतच नव्हती. घराला गिऱ्हाईक आलंय, असं ती आतल्यांना ओरडून सांगत होती. आणि तो हात? माझ्या मागेच जिना होता. ती जिना दाखवत होती.

त्या दिवशीचं प्रॅक्टिकल मी सोडलं. सरांनी सांगितलेल्या तीनातलं एक गेलं, हे माहीत असूनही. चालत नाही, पळत गेले.

म्हातारी तिथेच होती. तेच सूप. मला बघून तिने शेजारी बसलेल्या सुनेला काहीतरी सांगितलं आणि सून हसू दाबत म्हणाली, "आमच्या अत्ता, म्हणजे सासूबाई, म्हणायल्यात, घर दाखवायला हाक मारली तर पळून गेली ती हीच पोरगी."

वरची खोली एकच, लहान, खिडकी गल्लीकडे. जमीन पायाखाली थरथरत होती. खाली दिवसरात्र माग चालायचे, म्हणून भाडं कमी आणि म्हणूनच कुलूप. अव्वाने तिच्या मराठीत सांगितलं, "चार जन आले, चार जन गेले. झोप येत नाय म्हनतेत. तू बी जानार."

"मी नाही जाणार."

"सगळे तसंच म्हनतेत." मग तिने बिडी वळायची थांबवली आणि विचारलं, "तू कोन?"

आला प्रश्न. मी या वेळी तयार होते. हनुवटी वर करून एका दमात सांगून टाकलं, "धनगर. घरात कन्नड बोलतो. मटण खातो, मी करणार पण. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, लायब्ररीत बसले तर आठ वाजतात. वडील मेंढरं राखतात, ते घोंगडं घेऊन येतील. चालत असेल तर सांगा, नाहीतर खोली काल दिली म्हणू नका, मला कुलूप दिसतंय."

अव्वा सुनेकडे बघायला लागली. सून तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

"आगं," अव्वा म्हणाली, "नाव इचारले मी तुजं. येवडं सगळं कशाला?"

मी नाव सांगितलं. अजून आठवलं की कान गरम होतात. पण ते सगळं बोलल्याचा पस्तावा मात्र मला कधी झाला नाही. कुणीतरी ऐकून घ्यायला हवंच होतं, ते अव्वाने ऐकलं. मटणाबद्दल तिने एवढंच म्हटलं की कधी केलंस तर वाटीभर खाली पाठव.

रविवारी मी वाडीला गेलेच नाही. ट्रंक आणि अंथरूण शनिवारीच, घरात कुणी नसताना, आणून ठेवलं होतं. शेजाऱ्यांच्या फोनवर पत्ता सांगून निरोप दिला, खोली मिळाली, मी येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला न विचारता काहीतरी केलं होतं. सोमवारी दुपारी अप्पा आणि काका दोघंही गल्लीत उभे. काका मला न्यायलाच आले होते. पाहुण्यांसमोर त्यांचं तोंड पडलं होतं, आणि ते पडायला मी कारण होते, हे मला मान्य आहे.

काका खोलीत आले, जमिनीवर हात टेकवून बघितला आणि म्हणाले, "ह्या खडखडाटात मानूस ऱ्हातंय का? मेंढरू बी ऱ्हायचं न्हाय!"

"मला झोप लागते, काका." हे खोटं होतं. दोन रात्री मी छताकडे बघत काढल्या होत्या.

"काय झालं गेलं तर हाक कुणाला मारशील?"

"अव्वाला."

"ती तुझी कोन?"

"घरमालकीण. तिला मी कोण ते सगळं माहीत आहे."

काकांचा आवाज चढला. ते वाईट नाहीत. पहिल्या वर्षी पुरात वडाप बंद होतं तेव्हा त्यांनीच मला चिखलातून स्टेशनपर्यंत सोडलं होतं. म्हणून मला बोलणं जास्त जड गेलं. "ट्रंक उचल," ते म्हणाले. "घरी बसून जेवढं शिकायचं तेवढं शीक."

मी ट्रंकेवर बसले. ठरवून नाही, खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून बसले. पण बसल्यावर लक्षात आलं की आता ती कुणाला उचलता येणार नाही. मी म्हटलं, "मी येत नाही. उद्या प्रॅक्टिकल आहे. उद्या आहे, परवा आहे, आणि परीक्षेपर्यंत आहे. रागवायचं तर रागवा. मी येत नाही."

काकांनी अप्पांकडे बघितलं. मीही बघितलं. अप्पा एवढा वेळ खिडकीशी उभे होते. त्यांना मराठी नीट येत नाही, त्यामुळे शहरात ते कमीच बोलतात. ते दाराबाहेर गेले, जिन्यावरून खाली वाकले आणि अव्वाला विचारलं, "पानी किती दिसानं येतंय हितं?"

"चार दिसानं. कदी पाच," खालून अव्वा म्हणाली.

अप्पा आत आले. खोलीत सगळीकडे बघितलं. माझ्याकडे एक घागर आणि एक बादली होती. त्यांनी ती बादली उचलून बघितली, खाली ठेवली आणि काकांना कन्नडमध्ये म्हणाले, "एवढ्यात पाच दिवस कसे निघतील? चल माझ्याबरोबर."

दोघं गेले. ते गाडीला गेले की कुठे, मला कळेना. मी ट्रंकेवरून उठले नाही, उठले तर काहीतरी बिघडेल असं वाटत होतं. पाऊण तासाने जिन्यावर धडधड ऐकू आली. मागांच्या आवाजातूनसुद्धा. बाहेर येऊन बघते तर माझ्या निम्म्या उंचीचं एक निळं प्लॅस्टिकचं पिंप जिन्यात अडकलेलं. वरून अप्पा ओढत होते, खालून काका खांदा लावून ढकलत होते. काकांचा पटका सुटून गळ्यात आला होता. खाली अव्वा आणि तिची सून मान वर करून बघत होत्या.

"जिना लई अरुंद हाय की हितला," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

"जरा तिरकं करा, काका," मी म्हटलं, आणि पिंपाचा वरचा काठ धरला.