लिंबू-मिरचीच्या खिळ्यानं सडवलेली फळी

मी बोलून राह्यली अन् नातसून लिहून राह्यली. बायांनो, भावांनो, जेवण झालं असन तरच वाचा.

आमच्या फायबरच्या बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगते, तिले तडा गेला. सकाळी वैनगंगेच्या काठावर लेकानं वरचं फायबर कापलं. आत लाकूड कुठचं, काळा बुळबुळीत चिखल! सडल्या मासोळीहून घाण वास. मले ओकारीच आली.

पाणी शिरलं कुठून? दर वर्षी बोटीच्या पूजेले मीच त्या फळीत खिळा ठोकून लिंबू-मिरची बांधतो. जुन्या लाकडी डोंग्याले चालून जाय, लाकूड फुगून भोक बुजे. फायबरच्या आत शिरलेलं पाणी बसूनच राहते.

लेक म्हणे, "माय, वरून फायबर चोपडतो. उद्या जाळं टाकाले जायचं हाय."

मी म्हणलं, "चोपड ना! मंग भर धारेत इंजिन तुटन अन् तू मासोळ्याईले आयता घास."

तो हासला, पण खरवडाले बसला. मीबी नाक दाबून खुरपं घेतलं. घाण माहीच होती.

सांजेलोक कोरडं लाकूड लागलं. उद्या बोट काठावरच राहीन, अन् लेकबी.

नजर लागू नये म्हणून तुम्ही कुठी कुठी खिळे ठोकले जी?